रात्रीचा लोड थांबवू नका : रुग्णालय समूहाच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,

स.न.वि.वि.

या तिमाहीअखेर डेटा वेअरहाउस (वेगवेगळ्या सिस्टिममधली माहिती रोज रात्रीच्या ‘लोड’मध्ये गोळा करून विश्लेषणासाठी साठवणारी वेगळी यंत्रणा) बंद करायचे आणि यापुढचे सगळे रिपोर्ट थेट रुग्णालयाच्या मुख्य डेटाबेसवरून काढायचे, हा आपला निर्णय परिपत्रकातून कळला. कारण एका ओळीत दिले आहे : एकच माहिती दोन ठिकाणी ठेवण्याचा दुहेरी खर्च टाळणे. ती ओळ वाचली आणि गप्प बसवेना. दोन्हीकडची माहिती एकच आहे, या समजुतीवर अख्खा निर्णय उभा आहे आणि ती समजूतच चुकीची आहे.

मी गुणवत्ता विभागात माहिती विश्लेषक आहे. संसर्ग नियंत्रण समिती, मृत्यू आढावा समिती आणि औषध समिती यांच्यापुढे जाणारे आकडे माझ्या टेबलावरून जातात. एखाद्या वॉर्डात नर्स वाढवायच्या का, एखाद्या अँटिबायोटिकच्या वापरावर बंधन घालायचे का, हे त्या आकड्यांवर ठरते. वेअरहाउस बंद झाले तर माझे काम अवघड होईल, हे उघड आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण पत्र खुले ठेवले ते त्यासाठी नव्हे. ज्यांच्या नोंदींविषयी आपण बोलतो आहोत त्या रुग्णांनाही हा निर्णय समजायला हवा.

मुख्य डेटाबेस एका वेळी एका रुग्णाचे काम करतो. नोंदणी, डॉक्टरांची ऑर्डर, लॅबचा निकाल, फार्मसीतून दिलेले औषध, बिल. प्रत्येक व्यवहार छोटा, डोळ्याचे पाते लवण्याआधी संपणारा आणि अर्धवट राहून न चालणारा. औषध दिल्याची नोंद झाली पण साठ्यातून वजा झाले नाही, असे होता कामा नये. होईल तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत) मांडले, तेव्हापासून अशा डेटाबेसची शिस्त ठरलेली आहे : एक गोष्ट एकाच जागी लिहायची. म्हणून रुग्ण एका तक्त्यात, भरती दुसऱ्यात, बेड तिसऱ्यात, तपासण्या आणखी कुठे. (सगळ्या रुग्णालयांचे डेटाबेस रिलेशनल नसतात. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकात जन्मलेल्या मम्प्स या प्रोग्रामिंग भाषा-डेटाबेसच्या घराण्यावर आजही मोठमोठ्या सिस्टिम चालतात. काम मात्र तेच.) रुग्णसेवेसाठी ही रचना उत्तम आहे. तिला हात लावा असे कुणीच म्हणत नाही.

वेअरहाउसला विचारायचे प्रश्न एका रुग्णाचे नसतात. गेल्या तीन वर्षांत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किती जण ३० दिवसांत परत भरती झाले? कोणत्या वॉर्डात, कोणत्या ऋतूत, कोणत्या वयोगटात? बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये अशा प्रश्नांसाठी वेगळी रचना हवी असे मांडले. १९९२ मध्ये बिल इन्मन यांनी तिची चार लक्षणे सांगितली : विषयानुसार मांडणी, वेगवेगळ्या ठिकाणच्या माहितीचे एकरूपीकरण, काळाची नोंद, आणि आत आलेली नोंद न पुसणे. रोजच्या कामाचा डेटाबेस या चार कसोट्यांना उतरत नाही, आणि त्याने उतरावे अशी अपेक्षाही नाही. तीस-पस्तीस वर्षांची जुनी, तावून सुलाखून निघालेली ही विभागणी आहे. काल आलेली फॅशन नव्हे.

आता माझे आक्षेप. पहिला सगळ्यांत मोठा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

मुख्य डेटाबेस वॉर्डातल्या फळ्यासारखा चालतो. नवे लिहायचे तर जुने पुसले जाते. रुग्ण बेड बदलतो आणि बेडच्या रकान्यात नवा क्रमांक येतो. डॉक्टर विभाग बदलतात आणि त्यांनी पूर्वी केलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया नव्या विभागाच्या खात्यावर दिसू लागतात. एका आयसीयूचे दोन आयसीयू झाले, वॉर्डच्या मास्टर तक्त्यात दुरुस्ती झाली, की मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या आयसीयूचा संसर्गदर छापून येतो. यात सिस्टिमचे काही चुकलेले नसते. आत्ता काय आहे, एवढेच सांगण्यासाठी ती बांधलेली आहे.

आयटी विभागाचे यावरचे उत्तर मला ठाऊक आहे : ऑडिट लॉग आहे ना. आहे, आणि असायलाच हवा. पण कोणत्या नोंदीत कोणी केव्हा काय बदलले, याची चौकशी करण्यासाठी तो ठेवतात. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक दिवशी किती रुग्णांना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) होती, हे त्या लॉगमधून मोजायला कुणी बसून दाखवावे. शिवाय वॉर्ड, विभाग, तपासण्यांच्या सामान्य मर्यादा, औषधांची यादी असे मास्टर तक्ते अनेक सिस्टिममध्ये त्या लॉगच्या कक्षेत येतच नाहीत.

सेंट्रल लाइनचे उदाहरण मुद्दाम घेतले. या लाइनमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचा दर १,००० लाइन-दिवसांमागे काढतात. अंशस्थानी संसर्ग असतात, आणि ते कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहणाऱ्या तपासणीच्या) निकालांवरून मागाहूनही शोधता येतात. खरी मेख छेदात आहे. रोज ठरलेल्या एकाच वेळी वॉर्डात किती रुग्णांना लाइन आहे हे मोजायचे आणि महिन्याची बेरीज करायची, म्हणजे लाइन-दिवस मिळतात. समजा ४ संसर्ग आणि २,००० लाइन-दिवस. दर आला २. छेद चुकून ८०० धरला तर त्याच वॉर्डाचा दर ५ होतो. त्या दोन आकड्यांमध्ये एका वॉर्डाची शाबासकी आणि त्याच वॉर्डाची चौकशी एवढे अंतर आहे. आज वेअरहाउस रोज रात्री त्या दिवसाची स्थिती तारखेसह साठवून ठेवते, म्हणून हा छेद आपल्याकडे आहे. डॉक्टरांचा विभाग बदलला तर तिथे जुनी ओळ तशीच राहते, ती कधीपासून कधीपर्यंत खरी होती याच्या तारखा तिच्यावर पडतात आणि नवी ओळ खाली येते. वेअरहाउसतज्ज्ञ राल्फ किम्बॉल यांच्या पद्धतीवर काम करणारे याला टाइप टू म्हणतात. जुनी शस्त्रक्रिया जुन्या विभागाकडेच राहते.

त्यात प्रश्न तर नेहमी नंतरच सुचतात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कायझर परमनेंटे या आरोग्यसेवा संस्थेच्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदींवरून हे औषध आणि हृदयविकार यांचा संबंध तपासला होता, आणि मोठ्या मात्रेत धोका वाढलेला दिसला. त्या नोंदी रोजच्या उपचारांच्या ओघात जमा झाल्या होत्या. पुढे २००७ च्या अमेरिकी कायद्याने औषधांच्या सुरक्षेवर अशा नोंदींतून नजर ठेवण्याची यंत्रणा उभारायला सांगितले, आणि त्यातून सेंटिनेल उभी राहिली. आपला समूह कायझरएवढा नाही, मान्य. पण पुढच्या वर्षी एखाद्या इम्प्लांटबद्दल धोक्याची सूचना आली आणि ते कोणाकोणाला बसवले व त्यांचे पुढे काय झाले हे विचारले, तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

रात्रीचा लोड थांबेल त्या दिवसापासूनचा इतिहास कायमचा जाईल. सर्व्हर पुन्हा घेता येतो, माणसे पुन्हा नेमता येतात. न साठवलेले महिने मात्र कोणताही विक्रेता कोणत्याही किमतीला देऊ शकत नाही. परिपत्रकातल्या बचतीच्या हिशेबात या नुकसानीचा रकानाच नाही.

दुसरा आक्षेप त्या ‘एकच माहिती’चा. मुख्य डेटाबेस म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो तो प्रत्यक्षात एक नाही. लॅबची सिस्टिम वेगळी, रेडिओलॉजीची वेगळी, रक्तपेढीची वेगळी, बिलिंगची आणखी वेगळी, आणि समूहातल्या दोन रुग्णालयांचे सॉफ्टवेअरही सारखे नाही. तातडीच्या विभागात बेशुद्धावस्थेत ‘अनोळखी’ म्हणून नोंदलेली, पुढे ओपीडीत माहेरच्या आडनावाने आलेली आणि विम्याच्या कागदांवर सासरचे आडनाव असलेली बाई या सिस्टिमना तीन रुग्ण वाटू शकते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) एका प्रयोगशाळेतून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येते, दुसरीतून मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. एकीकडचे १.२ आणि दुसरीकडचे १०६ हे एकच मूल्य आहे. ८८.४ ने गुणायचे राहून गेले तर मूत्रपिंडाच्या रुग्णांची सरासरी हास्यास्पद येते, आणि हास्यास्पद आली तर बरे, कारण चूक निदान दिसते तरी. मधुमेहाच्या एचबीए१सी तपासणीचे तसेच, ७ टक्के आणि ५३ मिलिमोल प्रति मोल यांचा अर्थ एकच.

ही जुळवाजुळव रात्रीच्या लोडमध्ये होते. रुग्णांचे दुहेरी क्रमांक जोडले जातात, एकके बदलली जातात, तपासण्यांची स्थानिक नावे लॉइंक या आंतरराष्ट्रीय यादीतल्या सांकेतिक क्रमांकांवर बसवली जातात, निदानांचे जुने-नवे आयसीडी (रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) कोड एकमेकांशी ताडले जातात. आयसीडी-११ ही जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केली आहे. आपण तिच्याकडे वळू तेव्हा जुनी वर्षे नव्या कोडशी ताडायला जागा लागेल. वेअरहाउस नसेल तर हे सगळे काम नाहीसे होणार नाही. ते रिपोर्ट काढणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडेल, आणि प्रत्येक जण ते आपापल्या परीने करेल.

तिसरा आक्षेप वॉर्डातल्या नर्सच्या वतीने. एका रुग्णाची माहिती काढताना डेटाबेस एक ओळ शोधतो आणि तिचे सगळे रकाने वाचतो. विश्लेषणाचा प्रश्न उलटा असतो. कोट्यवधी ओळी चाळायच्या, पण रकाने हवेत तीन-चार. म्हणून वेअरहाउसमध्ये माहिती बहुधा रकान्यांनुसार साठवतात, आणि मधोमध घटनांचा तक्ता व भोवती रुग्ण, वॉर्ड, तारीख, निदान अशी मांडणी करतात. मुख्य डेटाबेसवर तोच प्रश्न टाकला तर डझनभर तक्ते जोडत तो मिनिटेच्या मिनिटे चालतो. काही डेटाबेसमध्ये तो लिहिणाऱ्यांची वाट अडवतो. जिथे अडवत नाही, तिथेही डिस्क आणि मेमरी खातो, जुन्या ओळींच्या प्रती साचवतो, आणि ऐन ओपीडीच्या गर्दीत औषधांची स्क्रीन फिरत राहते. महिन्याचा रिपोर्ट आणि रात्रपाळीची औषधफेरी एकाच यंत्राच्या दारात रांगेत उभी करू नका.

चौथा आक्षेप परिपत्रकातल्या या वाक्याला : ‘आवश्यकतेनुसार विभागांनी आपली आकडेवारी एक्सेलमध्ये पाठवावी.’ इंग्लंडमध्ये २०२० मध्ये काय झाले ते आठवा. प्रयोगशाळांचे निकाल एकत्र करताना जुन्या प्रकारची एक्सेल फाइल वापरली गेली. त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळ मावत नाही. पुढच्या ओळी गळल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविडबाधित राष्ट्रीय आकड्यांत वेळेवर आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. तिथे देशाची यंत्रणा होती. इथे विभागातला एक कारकून आणि मेलला जोडलेली फाइल असेल.

ओळी गळणे एक वेळ सापडते. व्याख्या वेगळ्या असणे सापडत नाही. ‘पुनर्भरती’ म्हणजे काय? ठरलेल्या केमोथेरपीसाठी परत आलेला रुग्ण त्यात धरायचा का? समूहातल्याच दुसऱ्या रुग्णालयात हलवलेला रुग्ण इथून डिस्चार्ज आणि तिथे नवी भरती असा दिसतो. तो धरायचा का? शल्यचिकित्सा विभाग एक उत्तर देईल, वित्त विभाग दुसरे, आणि दोघेही आपल्या जागी प्रामाणिक असतील. वेअरहाउसमध्ये व्याख्या एकदा ठरते, एका ठिकाणी लिहिली जाते आणि सगळ्यांना तीच लागू होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या तक्त्यांचा आराखडा मांडला, तो यासाठीच. प्रत्येक रुग्णालय आपल्या मापाने मोजत होते आणि तुलना करता येत नव्हती. आपण एकाच समूहात पुन्हा तिथे पोचण्याची तयारी करतो आहोत.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. थेट डेटाबेसवरून रिपोर्ट काढायचे म्हणजे आम्हा विश्लेषकांना तिथला लॉगिन द्यायचा. मला संसर्गदर काढायला रुग्णाचे नाव, फोन, पत्ता लागत नाही, आणि ते माझ्यासमोर येऊही नये. अमेरिकेच्या हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या नियमांत ओळख पुसण्याच्या एका पद्धतीत अशा १८ प्रकारच्या खुणा काढून टाकायला सांगितले आहे. वेअरहाउसमध्ये ही गाळणी एकदाच, दारातच बसवता येते.

आपल्या बाजूनेही काही मुद्दे आहेत आणि ते खोटे नाहीत. वेअरहाउसमधली माहिती कालची असते. म्हणून औषधाच्या अ‍ॅलर्जीचा इशारा, रिकाम्या बेडचा फलक, धोकादायक लॅब निकालाची सूचना ही कामे मुख्य डेटाबेसवरच राहिली पाहिजेत. ती वेअरहाउसवर नेण्याचा आग्रह कुणी धरला तर मीच विरोध करेन. पण ३० दिवसांतल्या पुनर्भरतीचा आकडा कालपर्यंतचा असला म्हणून काय बिघडते? वेअरहाउस महाग आहे, हेही खरे. एखाद्या रात्री लोड अर्धवट राहतो आणि सकाळी डॅशबोर्ड जुनाच आकडा बिनदिक्कत दाखवतो, हा दोषही खरा आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा. यातल्या एकाही कारणाने वेअरहाउस अनावश्यक ठरत नाही.

मुख्य डेटाबेसची केवळ वाचण्यासाठीची प्रत ठेवू, असा मधला मार्ग काही जण सुचवतात. त्याने वॉर्डातल्या स्क्रीनवरचा ताण जाईल आणि तेवढ्यापुरता तो चांगला आहे. पण प्रत ही प्रतच. मूळ डेटाबेसात पुसलेले तिथेही पुसले जाते, वेगळ्या सिस्टिम वेगळ्याच राहतात, एकके तशीच राहतात. सॉफ्टवेअर विक्रेता म्हणतो की त्याच्या रिपोर्ट मॉड्यूलमध्ये सगळे आहे. मग जगातल्या बड्या विक्रेत्यांपैकी एक असलेली एपिक रोजच्या कामासाठी क्रॉनिकल्स, त्यातून काढलेल्या रिपोर्टिंगसाठी क्लॅरिटी आणि वेअरहाउस म्हणून कॅबूडल अशा तीन वेगळ्या गोष्टी का ठेवते, हे त्याला एकदा विचारावे.

मागण्या अशा.

रात्रीचा लोड कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये. डॅशबोर्ड कमी करा, न वापरलेले रिपोर्ट बंद करा, मोठा सर्व्हर छोटा करा, जुनी माहिती स्वस्त साठवणीत हलवा. खर्चाला कात्री लावायला या जागा आहेत आणि त्यांची यादी करून द्यायला आमचा विभाग तयार आहे.

मुख्य डेटाबेसवर कामाच्या वेळेत विश्लेषणाच्या क्वेरी चालवण्यास लेखी मनाई असावी, आणि विश्लेषकांना ओळख पुसलेली माहितीच मिळावी.

पुनर्भरती, संसर्गदर, सरासरी मुक्काम, मृत्युदर या आकड्यांच्या व्याख्या ठरवण्यासाठी डॉक्टर, नर्सिंग, वित्त आणि आयटी यांची छोटी समिती नेमावी. ठरलेल्या व्याख्या सर्वांना वाचता येतील अशा ठेवाव्यात. लोड अर्धवट राहिला तर त्या दिवशीच्या प्रत्येक रिपोर्टवर तसे ठळक लिहिलेले असावे.

एक्सेल मागवण्याचे कलम परिपत्रकातून काढावे.

आणि ज्या खर्चाच्या हिशेबावर हा निर्णय झाला तो हिशेब संबंधित विभागांपुढे ठेवावा. वेअरहाउसविना जुळवाजुळव करायला प्रत्येक विभागात किती मनुष्यतास लागतील, याचा अंदाज त्यात धरलेला आहे की नाही, हे आम्हाला पाहू द्यावे. धरलेला असेल आणि तरीही बचत होत असेल, तर ती आकडेवारी मी स्वतः समित्यांपुढे मांडेन.

लोड थांबवण्याची तारीख परिपत्रकात दिलेली आहे. तिच्या आधी लेखी उत्तर मिळावे, आणि उत्तर येईपर्यंत तरी लोड चालू राहावा, ही विनंती.

आपली,
गुणवत्ता विभागातील एक माहिती विश्लेषक